आमची वाटचाल : हात न पोचणाऱ्या एका सेन्सरपासून

गॅरेज सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि मोठा भाऊ, एक रॅम्प, एक जुना स्कॅनर आणि पान्यांची पेटी. ऑइल, ब्रेक पॅड, क्लच असली कामं चालायची. पण आज आमच्याकडे दुसरे गॅरेजवालेसुद्धा गाड्या पाठवतात ते एकाच प्रकारच्या कामासाठी, इंजिनच्या मागे कुठेतरी खोल बसलेला सेन्सर बदलायला. आणि त्याची सुरुवात आमच्या एका चुकीतून झाली, म्हणून तेच आधी सांगतो.

एक गाडी आली, तक्रार अशी की सकाळी मस्त चालू होते, अर्धा-पाऊण तास चालली की आपोआप बंद, मग सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतं पण चालू होत नाही, आणि वीसेक मिनिटं थांबलं की परत जसं काही झालंच नाही. स्कॅनरवर कोड पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, इंजिनचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर. आम्ही म्हटलं झालं, सेन्सर गेला. लक्षणं तशीच होती ना, आतली कॉइल तापली की तुटलेली तार उघडते आणि थंड झाली की परत जुळते. त्या गाडीत सेन्सर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, स्टार्टरच्या वर. बोल्ट एकच, १० मिलिमीटरचा. पण त्या एका बोल्टपर्यंत पोचायला आम्हाला अर्धा दिवस गेला, कोपरापर्यंत हात सोलले. नवीन सेन्सर बसवला, गाडी दिली, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी तशीच बंद पडून परत दारात.

सेन्सर चांगलाच होता हो. त्याची वायर एक्झॉस्टजवळून जात होती, धरून ठेवणारी क्लिप तुटलेली, वायरचं वरचं कव्हर वितळलेलं, आणि इंजिन गरम होऊन हललं की आतली तार लोखंडाला टेकायची. चार बोटं वायर बदलायचं काम होतं. त्या माणसाकडून मजुरी घेतली नाही, पण भाऊ रात्रभर झोपला नाही हे मला माहितेय.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, कोड बघून सेन्सर काढायचा नाही. आधी सेल्फ मारताना स्कॅनरवर लाइव्ह डेटात आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, बघायचे, इंजिन फिरतंय आणि तिथे शून्य दिसतंय तर सिग्नल येत नाहीये एवढंच कळतं, सेन्सर गेला की वायर गेली हे नाही कळत. गाडी बंद पडलेली असताना, गरम असतानाच मोजमाप घ्यायचं, थंड गाडीवर मोजून काही उपयोग नाही. दोन वायरचा कॉइलवाला सेन्सर असेल तर मीटरवर ओम, म्हणजे कॉइलचा रोध, बघायचे, बऱ्याच गाड्यांत काहीशे ते हजार-दीड हजारापर्यंत येतात पण खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. तीन वायरचा हॉल सेन्सर, म्हणजे आत चुंबकावर चालणारं छोटं सर्किट असलेला, असेल तर ओम मोजायचेच नाहीत, सप्लाय येतोय का आणि सिग्नल वरखाली होतोय का ते बघायचं. आणि मीटर ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, टोकालाही लावायचा, म्हणजे मधली सगळी वायर तपासली जाते.

ही तपासणी करूनही सेन्सरच गेला असं निघालं, तर खरं काम तिथून सुरू. आधी बॅटरीची मायनस वायर काढायची, कारण स्टार्टरची जाड वायर कायम जिवंत असते, पाना चुकून टेकला तर ठिणग्याच. मग वरून जायचं का खालून हे ठरवायचं, छोटा कॅमेरा आत घालून. लांब एक्स्टेंशन, त्याला मुरडणारा जॉइंट, पुढे १० ची गोटी (सॉकेट), आणि बोल्ट गोटीत ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवून ठेवायचा, नाहीतर तो पडतो आणि शोधण्यातच संध्याकाळ होते.

सगळ्यात जास्त जपायचं ते सेन्सर उपसताना. अॅल्युमिनियमच्या भोकात वर्षानुवर्षं बसलेला असतो, गंज फुगतो आणि प्लास्टिकला आवळून धरतो. एकदा पक्कडीने सरळ ओढला तर वरचा कान हातात आला आणि अर्धा भाग आतच राहिला. मग त्याच प्लास्टिकमध्ये ड्रिलने भोक पाडलं, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून, म्हणजे चुरा आत फ्लायव्हीलकडे, इंजिनच्या मागच्या जड चाकाकडे, जाऊ नये, आणि त्यात स्क्रू फिरवून तो हळूहळू वर काढला. आता आधी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवतो, थांबतो, मग डावी-उजवीकडे थोडं थोडं वळवतो, फिरायला लागला की मगच वर ओढतो. भोक स्वच्छ पुसायचं, नवीन ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावायचं, बोल्ट हाताने सुरू करायचा. बहुतेक गाड्यांत ८ ते १० न्यूटन मीटर एवढाच टॉर्क लागतो, जास्त आवळला तर अॅल्युमिनियमचे आटे जातात.

पुढे व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरच्या, इंजिनांचे नॉक सेन्सरही यायला लागले, इंजिनातली ठोकठोक ओळखणारे, काही इंजिनांत ते इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या, खाली असतात. तिथे आम्ही गिऱ्हाईकाला आधीच सांगतो की मॅनिफोल्ड निघतोय तर नवीन गॅस्केट लागेलच, आणि खालचे पाण्याचे होज पण जुने असतील तर आत्ताच बदला, परत एवढं खोलायची वेळ येऊ नये. लोकांना हे पटतं, नीट दाखवलं की पटतंच.

आता आम्ही पाच जण आहोत, रॅम्प तीन. शिकायला आलेल्या एका मुलीने एक सवय लावली ती मला फार आवडली. आत हात गेला की डोळ्यांना काही दिसत नाही, कनेक्टरचं लॉक कुठल्या बाजूला आहे ते बोटांनाच कळावं लागतं, म्हणून ती आधी टेबलावर डोळे मिटून कनेक्टर काढ-घाल करायची, लॉक दाबायचं, टक् आवाज येईपर्यंत बसवायचं, दहा-दहा वेळा. आता नवीन येणारा प्रत्येक जण आधी तेच करतो. आणि त्यासाठी टेबलावर जो सेन्सर ठेवलाय तो त्या पहिल्या गाडीतला, आम्ही उगाच काढलेला, भावाने टाकू दिला नव्हता. मीटर लावला तर आजही बरोबर रीडिंग देतो.