धनराजने गोल किती मारले?

हॉकीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि माझं डोकं फिरतं. धनराज पिल्ले भारताकडून ३३९ सामने खेळला. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियन गेम्स. पण गोलांचा पक्का आकडा नाही, कारण तो नीट लिहूनच ठेवला गेला नाही. कुणी १७० म्हणतं. क्रिकेटवाल्यांच्या लेग बायचासुद्धा हिशोब असतो, राव!

मी क्लब हॉकीत हाफ, म्हणजे फॉरवर्डच्या मागे, खेळायचो, म्हणून फॉरवर्डचं काम मागून बघितलंय. गोल हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग. धनराज पंचवीस यार्डांच्या रेषेपाशी बॉल घेऊन वेग वाढवायचा आणि थेट डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, घुसायचा. डिफेंडरपुढे दोनच रस्ते, जाऊ द्यायचं नाहीतर चूक करायची. बॉल त्याच्या पायाला लागला, की पेनल्टी कॉर्नर, म्हणजे आपल्याला गोलवर फटका मारायची खास संधी. तो मारणार दुसराच, आणि गोलही त्याच्याच नावावर. कॉर्नर कुणी मिळवून दिला, ते कोण लिहितंय?

हे सगळं खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतून आलं. वडील तिथे ग्राउंड्समन. घरात पाच भाऊ, आणि मोडलेल्या स्टिका बांधून खेळणं. मग थोरल्या भावापाठोपाठ मुंबईला, महिंद्रा कंपनीच्या संघाकडे. १९८९ मध्ये भारताच्या संघात. १९९४ च्या सिडनी वर्ल्ड कपनंतर निवडलेल्या जागतिक अकरात भारताचा हा एकटाच.

१९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या कप्तानीखाली एशियन गेम्सचं सोनं आलं, ३२ वर्षांनी. घरी परतल्यावर बक्षीस काय, तर पुढच्या संघातून तो आणि आणखी सहा जण बाहेर. म्हणे विश्रांती दिली! भत्त्याचे पैसे मागितले होते, हे कारण सगळ्यांनाच कळलं. लोक त्याला तापट म्हणतात. म्हणोत. त्या जागी मी असतो तर स्टिक फेकून मारली असती.

सिडनी २००० ऑलिंपिकबद्दल फार लिहवत नाही. पोलंडला हरवलं असतं तर सेमीफायनल. १-० ने पुढे होतो, शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती, आणि बरोबरी झाली. आपल्या गटातून कोरिया पुढे गेला तो थेट फायनल खेळला. धनराज रडला, आणि टीव्हीसमोर आम्हीही.

२००३ चा आशिया कप मात्र मिळाला. तेव्हा त्याने पस्तिशी गाठली होती, आणि आजूबाजूला गगन अजित, दीपक ठाकूर यांच्यासारखी पोरं धावत होती. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिक, आणि संपलं.

बँकॉकच्या फायनलचं अख्खं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर कळवा. जुनी व्हीएचएस असली तरी चालेल. धनराजने किती कॉर्नर मिळवून दिले, ते वही घेऊन मोजायचंय.