पायाला लागणारी ऊब

अमेरिकेतल्या बफेलोचा बर्फ म्हणजे काय, हे कराडात बसून कळत नाही. मलाही इथे येईपर्यंत कळलं नव्हतं. ईरी सरोवर गोठायच्या आधी गार वारा त्याच्यावरून लांबच्या लांब वाहत येतो, पाण्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्याला लागला की सगळं ओतून मोकळा होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे ८० इंच पडला होता.

मी इथल्या एका गृहसंकुलात देखभालीचं काम करतो. पायवाटा साफ करायला आमच्याकडे एक गार्डन ट्रॅक्टर आहे, पुढे स्नो ब्लोअर लावलेला. पारा उणे १८ आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला, की अंगाला उणे ३० ची थंडी लागते. त्यात ब्लोअरनं उडवलेला भुगा वाऱ्यानं उलटून तोंडावर येतो. पहिल्या हिवाळ्यातच मी ठरवलं, याला केबिन बांधायची.

बाबांचं कराडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, त्यामुळे वेल्डिंगचा हात होताच. एक इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा केला. बाबा व्हिडिओ कॉलवर बघत होते. "आधी नुसते टाके मार, गुण्या लावून बघ, मगच फुल वेल्डिंग कर. एकदा पाइप ओढला गेला की दार कधी बसायचं नाही." खिडक्यांना काचेऐवजी ३ मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट घेतलं, बर्फाचा गोळा आदळला तरी ते फुटत नाही. पण थंडीत ते आकसतं फार. गरम वर्कशॉपमधून उणे २० मध्ये नेलं, की मीटरभर पत्रा जवळजवळ ३ मिलिमीटर आखडतो. म्हणून भोकं बोल्टपेक्षा मोठी पाडली, खाली रबरी वॉशर दिले आणि बोल्ट हातानं आवळले त्यावर जेमतेम अर्धा फेरा दिला. जिथे फटी दिसल्या तिथे रबर चिकटवलं. चार शनिवार-रविवार गेले, पण दार एका बोटानं लागत होतं.

आमचे जुने मेकॅनिक इथल्याच शेतात वाढलेले. केबिनभोवती ते दोनदा फिरले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरातला कार्बन मोनॉक्साइडचा आकडेवाला अलार्म घेऊन आले आणि सीटच्या मागे तारेनं बांधून टाकला. "हा असल्याशिवाय दार लावायचं नाही," एवढंच म्हणाले.

जानेवारीतली ती पहाट. चार वाजता सुरुवात केली. वारा बाहेर राहिला होता. डॅशबोर्डच्या खालून पायांवर मंद ऊब येत होती. इंजिन पुढे, पंख्याची गरम हवा मागे येतेय, फुकटचा हीटर मिळाला, असं मला वाटलं. खरं सांगतो, त्या उबेनं मी हरखून गेलो होतो. पत्र्याच्या पेटीत इंजिनाचा आवाज घुमतो, म्हणून कानावर इअरमफ चढवले होते.

वीसेक मिनिटांनी डोकं जड झालं. झोप अपुरी झाली असेल म्हणून दुर्लक्ष केलं. मग एका कोपऱ्यावर रिव्हर्स घ्यायला मान वळवली, तर सीटच्या मागे लाल दिवा लुकलुकत होता. इअरमफ काढले. चार वेळा टीं टीं, मग शांतता, परत चार वेळा. आकडा १८७.

चावी बंद केली, दार ढकललं आणि बर्फात गुडघ्यांवर बसलो. श्वास घेताना छाती भरत नव्हती. रंग नाही, वास नाही, खोकला नाही, नुसती ऊब. कार्बन मोनॉक्साइड, इंजिनाच्या धुरातला हा विषारी वायू, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो, हे पुस्तकात वाचलं होतं. तो अलार्मसुद्धा घरासाठी बनवलेला असतो: ७० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असला तर, तो तासभर मुद्दाम गप्प राहतो, ४०० झाले की ४ ते १५ मिनिटांत ओरडतो. म्हणजे गळती बरीच कमी असती, तर तो ओरडायच्या आत मी तासभर तेच श्वासात घेत बसलो असतो.

उजाडल्यावर आम्ही दोघांनी बोनेट उघडलं. सायलेन्सर इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, एका बाजूनं जळालेलं, आणि त्याच बाजूला काजळीचा पंख्यासारखा पट्टा. गळती बहुधा आधीपासूनच होती, पण उघड्या ट्रॅक्टरवर वारा ती उडवून नेत होता. मी रबर लावून वाऱ्याची वाट बंद केली आणि स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं व पेडलांचं भोक तेवढं उघडं ठेवलं. धुराला आत यायला मीच रस्ता करून दिला होता.

गॅस्केट बदललं. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बसवला, पेडलांना कातड्याचे गळपट्टे शिवले, एक्झॉस्टचं तोंड लांब करून बाजूला वळवलं. दोन्ही दारांना खाली हाताच्या पंजाएवढी खिडकी ठेवली, कायम उघडी. थंडीत चालणारा हातातला मीटर मागवला, तो डोळ्यांसमोर लावला.

बाबांना हे सगळं तीन दिवसांनी सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पत्र्याचा फोटो पाठव. कडेनं सील नीट केलंय का बघू दे."

पुढचा बर्फ आठवड्यानं पडला. मी सव्वा तास सलग चालवलं. मीटर शून्यावर होता. पाय गारठून बधिर झाले होते, आणि त्या गारठ्यानं मला फार बरं वाटलं.