दहा पेन्सचा मुद्देमाल

कोर्टातल्या नोकरीतली माझी नऊ वर्षं मुद्देमाल खोलीत गेली. चोरीची सायकल, पितळी घागर, तुटक्या मंगळसूत्राचे मणी, रक्ताळलेला सदरा, प्रत्येकाला लाखेचं सील आणि दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. पंचनाम्यात बहुतेक वस्तूंपुढे ठरलेली अक्षरं असायची: जु. वा. किं. अं. म्हणजे जुनी वापरती, किंमत अंदाजे. त्यापुढचा आकडा कुठून यायचा हे मला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. घागर पोचे पडलेली असो नाहीतर नवी कोरी, आकडा आपला गोल.

म्हणून लंडनला भाचीनं, सईनं, "मावशी, तुला काय काय बघायचंय?" असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं नाव निघालं ते तिथल्या फौजदारी कोर्टाचं, ओल्ड बेलीचं. ती हसायला लागली. "अगं, आयुष्यभर कोर्टच बघितलंस ना?" पण रजा तिनं काढली. कोर्ट आणि बो स्ट्रीटचं पोलीस संग्रहालय दोन्ही उघडी सापडावीत म्हणून शुक्रवार धरला.

ओल्ड बेलीच्या प्रेक्षक गॅलरीत कुणालाही फुकट बसता येतं. फोन आणि पिशव्या मात्र आत नेता येत नाहीत आणि ठेवायलाही जागा नाही. सई सामान घेऊन समोर कॉफी पीत बसली, मी एकटी जिने चढले. आत कसलासा खटला चालू होता. केसांचे टोप घातलेले दोन वकील एका कागदाच्या पान क्रमांकावरून अर्धा तास वाद घालत होते. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. न्यायाधीशांपेक्षा माझं सगळं लक्ष खाली बसलेल्या कारकून बाईंकडे. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

आजची इमारत १९०७ची. तिच्या घुमटावर सोनेरी न्यायदेवता आहे आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही, हे मी मुद्दाम मान वाकडी करून पाहून घेतलं. याच जागी आधी न्यूगेटचा तुरुंग होता. तुरुंग आणि कोर्ट एकमेकांना खेटून असल्यामुळे कैद्यांबरोबर त्यांचा आजारही कोर्टात यायचा. १७५० साली तुरुंगातल्या तापानं लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशांसकट कितीतरी माणसं गेली. दुर्गंधी आणि ताप दूर राहावेत म्हणून न्यायाधीश वासाच्या पाल्याचे आणि फुलांचे जुडगे हातात धरून बसू लागले. ठराविक दिवशी ती प्रथा अजून पाळतात म्हणे.

मला इथं ओढून आणलं होतं ते मात्र इथल्या दप्तरानं. १६७४ ते १९१३ या काळातले जवळजवळ दोन लाख खटले इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. निवृत्तीनंतर दुपारच्या वेळी बायका मालिका बघतात, मी हे वाचते. चोरीला गेलेल्या वस्तूंच्या याद्या वाचता वाचता अख्खं शहर डोळ्यांपुढे उभं राहतं: दोरीवर वाळत घातलेली अंतर्वस्त्रं, दारूच्या गुत्त्यातले कथलाचे पेले, चांदीचे चमचे, चादरी, टोप, बूट. भाड्याच्या खोलीतली चादर भाडेकरूनंच गहाण टाकायची, ही तर नेहमीची गोष्ट. कपडा महाग होता, जुन्या कपड्यालाही लगेच गिऱ्हाईक मिळे. चोरीचा माल म्हणजे घरातलं रोजचं सामान.

आणि प्रत्येक वस्तूपुढे किंमत. मी चपापले ती इथंच. कारण तिथं किंमतीवर माणसाचा जीव टांगलेला असायचा.

हिशोब असा. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. कुणाच्या नकळत त्याच्या खिशातून एक शिलिंगापेक्षा जास्त किंमतीचं काही काढलं तर फाशी. दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा गेला तरी फाशी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाशीच्या गुन्ह्यांची यादी दोनशेच्या वर गेली होती. ज्यूरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य माणसांत, बसणारे दुकानदार, कारागीर रोज बाजारात वावरणारे. रेशमी रुमाल कितीला मिळतो हे त्यांना पक्कं ठाऊक. तरीही निकाल यायचा: दोषी आहे, पण मालाची किंमत दहा पेन्स. दुकानातल्या चोरीला चार शिलिंग दहा पेन्स. घरातल्या चोरीला एकोणचाळीस शिलिंग. दप्तरात हे आकडे पुन्हा पुन्हा येतात. बारा माणसांनी शपथेवर केलेला हा खोटा भाव. दहा पेन्स ठरले की फाशीऐवजी फटके नाहीतर काळं पाणी, आधी अमेरिकेत आणि तिथलं राज्य हातचं गेल्यावर ऑस्ट्रेलियात. सगळ्यांनाच ही सूट मिळाली असं नाही. फिर्यादीचं वजन आणि आरोपीचा चेहरा तेव्हाही मोजला जात असणार.

बायकांना आणखी एक वाट होती, पोटात मूल असल्याचं सांगायची. मग कोर्टात बघायला आलेल्यांतूनच बारा पोक्त बायका निवडत आणि त्या आरोपीला तपासत. त्यांनी 'मूल आहे' म्हटलं की फाशी पुढे ढकलली जाई आणि पुष्कळदा मग ती होतच नसे. त्या बारा जणींनी किती वेळा दहा पेन्स सांगितले असतील, हे गॅलरीत बसल्या बसल्या माझ्या मनात येत होतं.

बाहेर आले तर सई वैतागलेली. तिला वाटलं होतं वीस मिनिटं, मी दीड तास लावला होता.

रस्ता ओलांडला की सेंट सेपल्कर चर्च. आत काचेच्या पेटीत एक साधी हातघंटा आहे. १६०५ साली रॉबर्ट डाऊ नावाच्या कापड धंद्यातल्या सधन माणसानं पन्नास पौंड देऊन सोय लावून ठेवली की फाशीच्या आदल्या मध्यरात्री चर्चच्या माणसानं कोठडीबाहेर जाऊन ही घंटा वाजवायची आणि उद्या तू मरणार आहेस, पश्चात्ताप कर, असं पद्य म्हणायचं. देणगीदाराला वाटलं असेल आपण पुण्य केलं. उद्या फाशी जाणाऱ्याची शेवटची झोपही मोडणारं हे पुण्य मला काही पचलं नाही.

सकाळी बेड्या तोडून, कमरेला दोर बांधून कैद्याला छकड्यात बसवत. सोबत पाद्री, आणि कधी कधी त्याचीच शवपेटी. तिथून टायबर्न या फाशीच्या जागेपर्यंत सुमारे तीन मैल. गर्दीमुळे याला दोन-तीन तास लागत. वर्षातून साधारण आठ वेळा हे व्हायचं आणि शहराला जत्रेसारखी सुट्टी मिळायची. आम्हीही तोच रस्ता धरला, फक्त मधून मधून आडवाटेला शिरलो.

होबर्नचा पूल आता सपाट आहे, तेव्हा इथं दरी होती, छकडा खडखडत उतरायचा आणि धापा टाकत चढायचा. याच भागातल्या फील्ड लेन नावाच्या बोळात चोरीच्या रेशमी रुमालांची दुकानं होती. दारावर रुमाल फडफडत असत आणि सकाळी खिशातून गेलेला रुमाल संध्याकाळी इथं विकत मिळे. त्यातले पुष्कळसे 'बंडाना', बंगालातून कंपनीच्या जहाजांनी आलेले. मूळ शब्द आपला बांधणीचा. गाठी मारून रंगवलेला आपल्याकडचा रुमाल लंडनच्या खिशांतून पळवायचा आणि पळवणाऱ्याचा जीव त्याच्या किंमतीवर ठरायचा. सईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "थांब, लिहून घेते." इतका वेळ ती नुसती माझ्या मागून येत होती.

पोलीस कुठे होते, हा प्रश्न तिनंच विचारला. नव्हतेच. प्रत्येक परगण्यात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, घरमालकांनी आळीपाळीनं वर्षभर बिनपगारी कॉन्स्टेबल व्हायचं. पैसेवाले बदली माणूस द्यायचे. रात्री कंदील आणि काठी घेतलेला पहारेकरी तास पुकारत फिरे. चोर सापडला तर खटला चालवायचा फिर्यादीनंच, खर्चही त्याचाच. म्हणून सरकारनं बक्षिसं लावली. वाटमाऱ्याला पकडून दोषी ठरवलं तर चाळीस पौंड, मजुराच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त.

चाळीस पौंडांनी काय होतं ते बघायचं तर जोनाथन वाइल्डची गोष्ट पुरे. या गृहस्थानं ओल्ड बेलीजवळच हरवलेल्या मालाची कचेरी थाटली होती. तुमचं घड्याळ गेलं? या, नोंद करा, थोडे पैसे द्या, दोन दिवसांत घड्याळ परत. मिळणारच, कारण चोर त्याचेच. जो चोर डोईजड होईल त्याला पकडून द्यायचा आणि चाळीस पौंड खिशात घालायचे. लोक त्याला चोर पकडणाऱ्यांचा सेनापती म्हणत. जॅक शेपर्ड नावाच्या पोरानं १७२४ साली चार वेळा कैदेतून पळ काढला, न्यूगेटमधून तर दोनदा. पहिल्यांदा त्याला पकडून देण्यात वाइल्डचा हात होता. नोव्हेंबरात शेपर्ड फासावर गेला तेव्हा लोक रडले. सहा महिन्यांनी, २४ मे १७२५ला, वाइल्डची पाळी आली तेव्हा त्याच लोकांनी दगड मारले. गुन्हा कोणता ठरला? चोरीची लेस परत मिळवून देण्याचे दहा पौंड घेतले आणि चोराला पकडून दिलं नाही. त्याचा सांगाडा आज हंटेरियन या शरीरशास्त्राच्या संग्रहालयाकडे आहे. ते जिथं आहे त्या लिंकन्स इन फील्ड्सवरून जाताना सई म्हणाली, "बघायचा का?" मी म्हटलं, नको. सीलबंद मुद्देमाल पुष्कळ हाताळला, हाडं नकोत.

सईचा फोन गेल्या वर्षी सायकलवरून आलेल्या एकानं हातातून ओढून नेला. ऑनलाइन तक्रार केली, एक क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. वाइल्डची गोष्ट ऐकून ती जरा गप्प राहिली आणि म्हणाली, "मावशी, खरं सांगू? मी दिले असते त्याला पैसे. त्यात आजीचे फोटो होते." वाइल्डचा धंदा कशावर चालला होता हे मला इतक्या दप्तरांत वाचूनही एवढं स्वच्छ कळलं नव्हतं.

बो स्ट्रीटवर संग्रहालय आहे ते जुन्या पोलीस ठाण्याच्या कोठड्यांमध्ये. छोटंसं आहे, तासाभरात होतं. याच रस्त्यावर हेन्री फील्डिंग या दंडाधिकाऱ्यानं १७४९च्या सुमारास मूठभर माणसं हाताशी धरून चोरांचा माग काढायला सुरुवात केली. पुढे त्यांना बो स्ट्रीट रनर्स म्हणू लागले. त्याच्यामागून खुर्चीवर बसलेला त्याचा भाऊ जॉन आंधळा होता. तीन हजार चोर तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा, अशी त्याची ख्याती. तीन हजार हा आकडा मला जरा 'अंदाजे'च वाटतो. पण चोरीच्या मालाचं आणि चोराचं वर्णन छापून गावोगावी पाठवायची त्याची कल्पना मात्र खरोखर कामाची.

१८८१च्या कोर्टाच्या इमारतीत आता हॉटेल झालंय. १३ मार्च १९१०ला व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाल्यावर सावरकरांना याच बो स्ट्रीटच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं होतं. शाळेत हे सगळं मार्सेलच्या उडीकडे पळत पळत शिकलो. त्या उडीच्या आधी इथल्या तारखा होत्या, याच पायऱ्या होत्या. हॉटेलच्या दारात चाकांच्या बॅगा घेतलेली माणसं उभी होती. आम्ही पलीकडच्या फुटपाथवरून थोडा वेळ पाहिलं आणि निघालो.

सरकारी पगारी पोलीस यायला २९ सप्टेंबर १८२९ उजाडावं लागलं. रॉबर्ट पीलनं ते उभे केले म्हणून 'बॉबी'. लष्कराचे वाटू नयेत म्हणून लाल नव्हे, निळा कोट. लोकांना हे अजिबात आवडलं नव्हतं, हेरगिरीचा वास येत होता. पहिल्या क्रमांकाचा शिपाई तर चार तासांत दारूपायी बडतर्फ झाला म्हणतात. तोवर दहा पेन्सची गरजही हळूहळू संपत होती. खिसेकापूंची फाशी १८०८ सालीच रद्द झाली होती.

सेंट जाइल्सच्या चर्चपाशी छकडा थांबे आणि कैद्याला शेवटचा बिअरचा वाडगा मिळे. आम्हीही तिथल्या बाकावर बसून सईनं आणलेल्या थेपल्यांचा फडशा पाडला. माझे गुडघे बोलायला लागले होते. पुढचा ऑक्सफर्ड स्ट्रीट, तेव्हाचा टायबर्न रोड, अर्धा पायी आणि अर्धा बसच्या वरच्या मजल्यावरून केला. खाली दुकानंच दुकानं, दाराशी काळ्या कपड्यांतले रखवालदार, कपड्यांना ते बीप वाजणारे बिल्ले.

मार्बल आर्चला उतरून रस्त्याच्या मधल्या बेटावर गेलो. जमिनीत एक गोल दगडी पाटी आणि भोवती तीन झाडं. १५७१ साली इथं तीन पायांचा लाकडी फाशीखांब उभारला, त्यावर एका वेळी चोवीस माणसं टांगता येत. बसायला पायऱ्यापायऱ्यांचे मांडव होते, जागेचे पैसे पडत. शेवटची फाशी ३ नोव्हेंबर १७८३ची, मग हे सगळं न्यूगेटच्या दारात गेलं आणि १८६८पर्यंत तिथंच भर रस्त्यात चाललं.

पाटीवर कुणीतरी कॉफीचा कागदी पेला ठेवून गेलं होतं. मी तो उचलून कचऱ्यात टाकला आणि फोटो काढायला फोन बाहेर काढला.

"मावशी, दोन हातांनी धर," सई मागून म्हणाली. "आणि रस्त्याकडे पाठ करू नकोस."