ओहारा आणि एक झेंडा

आज रात्री पुन्हा ‘वन पीस’चा, म्हणजे एइचिरो ओदाच्या समुद्री चाच्यांवरच्या जपानी चित्रकथेचा, ४१वा खंड काढला. शंभराच्या वर खंड झालेत, पण मधूनच कुठला उघडावासा वाटला तर तो हाच.

ओहारा बेटावरच्या पंडितांचा गुन्हा काय, तर वाचन. आठशे वर्षांपूर्वी जागतिक सरकार आलं आणि त्याच्या आधीची शंभर वर्षं इतिहासातून गायबच झाली. त्या काळाचे शिलालेख वाचायला सक्त मनाई. ही मंडळी गुपचूप वाचत बसली. प्राध्यापक क्लोव्हर त्या पुसून टाकलेल्या राज्याचं नाव घेणार, तेवढ्यात त्यांना गोळी घालतात. मग युद्धनौका अख्खं बेट जाळतात. प्रचंड झाडाच्या पोटातलं ग्रंथालय पेटलंय आणि आतले पंडित पळायचं सोडून पुस्तकं तळ्यात फेकतायत. (त्या पुस्तकांचं पुढे काय झालं, हे ओदाने दीड दशकानंतर सांगितलं. धन्य तो माणूस!)

मला मात्र खरा काटा येतो तो निर्वासितांच्या जहाजापाशी. एखादा पंडित त्यात लपला असला तर, एवढ्या शंकेवरून एक नौदल अधिकारी ते गावकऱ्यांसकट बुडवतो. ओदाचे बरेच खलनायक नाटकी आहेत, खदाखदा हसतात. इथे कोणी हसत नाही. साम्राज्याचा हिशेब असाच कोरडा असणार.

वाचली ती आठ वर्षांची रॉबिन. तिच्या डोक्यावर ७ कोटी ९० लाख बेरींचं (हे तिथलं चलन) इनाम.

आणि तिच्यासाठी वीस वर्षांनी लफी, म्हणजे ती पुढे ज्या चाच्यांच्या टोळीत गेली तिचा कप्तान आणि कथेचा नायक, त्याच सरकारचा झेंडा जाळायला लावतो. त्याला क्रांतीबिंतीशी देणंघेणं नाही. ते खातं त्याच्या बापाकडे. त्याला फक्त रॉबिनच्या तोंडून ‘मला जगायचंय’ ऐकायचंय. जाहीरनामा नाही, तत्त्वज्ञान नाही. म्हणूनच बहुधा त्याचा गवती टोपीवाल्या कवटीचा झेंडा कोणालाही उचलता येतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर तो निषेध म्हणून ट्रकांवर फडकला, सप्टेंबरात तरुणांच्या आंदोलनात काठमांडूत सिंहदरबाराच्या, म्हणजे नेपाळ सरकारच्या मुख्यालयाच्या, फाटकावर चढला.

त्या फाटकावरच्या झेंड्याचा फोटो पाहून आधी अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पण ओदा आपल्या टोळीतल्यांना सहसा मरू देत नाही. नेपाळमध्ये आंदोलनाच्या पहिल्याच दिवशी १९ जण गेले, आणि फोटो शेअर करताना आम्हा चाहत्यांपैकी किती जणांनी ती बातमी खालपर्यंत वाचली असेल, शंकाच आहे.