सध्या फक्त आमचेच

"सर, सध्या फक्त आमचेच!"

मनिलातल्या मॉलमध्ये हॉलिवूडचा सिनेमा मागितला, तर तिकीट खिडकीवरची मुलगी हसून म्हणाली. 25 डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे जवळजवळ सगळी थिएटरं फिलिपिनो सिनेमांची. 1975 साली सुरू झालेला मेट्रो मनिला चित्रपट महोत्सव. मागच्या रांगेत आजीसकट अख्खी कुटुंबं उभी.

मग ती हळूच म्हणाली, "जानेवारीच्या शेवटी या. तेव्हा आमचेच शोधावे लागतील."

हे डोक्यातून जाईना.

म्हणजे माणसं येतच नाहीत असं नाही. 2024 चा 'हॅलो, लव्ह, अगेन' जगभरात 1 अब्ज पेसोंच्या पुढे गेला. कॅनडात राबणाऱ्या फिलिपिनोंची गोष्ट. इथे कितीतरी घरांतलं कुणीतरी परदेशात, रडणार नाहीत तर काय! पण असा एखादाच. एरवी सुपरहिरो आले की स्थानिक सिनेमाचे शो कमी.

आपल्याकडे मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून भांडावं लागतं, तेही आठवलं. (आणि शो मिळाला की 'ओटीटीवर येईलच' म्हणणारा मीच.)

शेवटी टॅगलॉग या तिथल्या भाषेतला एक कौटुंबिक सिनेमा पाहिला. अर्धा कळला. शेजारची आजी मात्र हुंदके देत होती, मधेच मला चिप्स पुढे करत.

तुम्ही शेवटचा मराठी सिनेमा थिएटरात कधी पाहिलात?