एका रकान्यात अडकलेल्या कोंबड्या

प्रयोगशाळेतला तो छापील फॉर्म आठवला की अजून डोकं फिरतं. खालच्या बाजूला एक रकाना होता, ‘यापूर्वी दिलेली औषधे, मात्रा व दिवस’. घरी पाच हजार लेअरच्या (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) शेडमध्ये रोजची मर वीसवर गेलेली, माझ्या हातात बर्फाचा डबा, आणि काउंटरपलीकडचे गृहस्थ शांतपणे सांगतायत, "मालक, हा रकाना रिकामा चालत नाही."

आमची शेड खानापूर तालुक्यात, विट्यापासून पुढं. पक्षी सव्वीस आठवड्यांचे, अंडी ऐन भरात, आणि एप्रिलचं ऊन. आधी रोज दोन-तीन मरायच्या, मग सहा, मग दहा. डॉक्टरांनी एक फाडून दाखवली. पोटात फुटलेला बलक दह्यासारखा गोठलेला, काळजावर (यकृतावर) नि हृदयावर पांढरट पापुद्रा, तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. ई-कोलाय नावाचा जंतू. ते म्हणाले, "आतापर्यंत काय काय दिलंत?" मी म्हटलं, दुकानदारानं दिलेली तीन पाकिटं, एकापाठोपाठ. त्यांनी कपाळाला हात लावला. "आता चौथं अंदाजानं देऊ नका. कल्चर करा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, कुठल्या औषधाला जंतू मरतो ते बघू आणि मग ठरवू."

दवाखान्याचं पत्र दहा मिनिटांत मिळालं. ताज्या मेलेल्या तीन, त्यांच्या खाली-वर बर्फ, दोन आजारी जिवंत, आणि भावाचा छोटा हत्ती घेऊन निघालो. प्रयोगशाळा शेजारच्या जिल्ह्यात. अकराला पोचलो. वाटलं, तासाभरात काम होईल.

मग तो रकाना.

मी पाकिटांवरची नावं सांगितली. ते म्हणाले, "कंपनीचं नाव नको, आतला घटक लिहा. किती ग्रॅम, किती पाण्यात, किती दिवस." मला काय माहीत? पाकीट फाडायचं, टाकीत ओतायचं, काठीनं ढवळायचं, एवढंच आपलं शिक्षण. घरी फोन लावला. धाकटा भाऊ आणि बायको उकिरड्यावर उतरले. कोंबडखतात पाकिटं शोधायची आणि फोटो पाठवायचे. पहिलं सापडलं, एन्रोफ्लॉक्सासिन. दुसरं सापडलं, पण नेमकं घटकांच्या ओळीवरच फाडलेलं, ‘...सायक्लिन’ एवढंच उरलेलं. तिसऱ्याला तर छापील पाकीटच नव्हतं. पांढरी पिशवी, वर पेनानं लिहिलेलं ‘सकाळी १००’. दुकानदाराला फोन केला. "भाऊ, एकदम पॉवरफुल आहे, काळजी करू नका." म्हटलं, पॉवर राहू दे, नाव सांगा. त्यांचा फोन कट.

तेवढ्यात दोन वाजले. नमुने दोनपर्यंतच घेतात, हे तेव्हा कळलं. गेटवरच्या पाटीवर लिहिलं असेलही, माझं लक्ष डब्यातून गळणाऱ्या पाण्याकडे होतं. दिवस शुक्रवार. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. मी आवाज चढवला, खोटं कशाला बोलू. ते बिचारे म्हणाले, "मी घेतो, पण रिपोर्ट चुकला तर तुमचंच नुकसान." तेव्हा ते बिचारे वाटले नव्हते.

त्या तीन दिवसांत साठ-पासष्ट पक्षी गेले. आणलेले पाचही वाया गेले, पुन्हा नवे न्यावे लागले. दर सोमवारी डिझेलला पैसे टाकताना ते पासष्ट आठवतात.

रविवारी संध्याकाळी दुकानात जाऊन समोर बसलो. गिऱ्हाइकं ऐकतायत म्हटल्यावर मालकांनी नाव सांगितलं, लेव्होफ्लॉक्सासिन. सोमवारी रकाना भरला. आतल्या डॉक्टर मॅडमनी तो वाचला आणि पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला. एन्रो आणि लेव्हो सख्खे चुलतभाऊ. पहिल्याला न मेलेला जंतू तिसऱ्याला का मरेल? शिवाय औषध चालू असताना नमुना दिला तर जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत काही उगवतच नाही कधीकधी, आणि रिपोर्ट ‘जंतू नाहीत’ असा येतो. त्यासाठी दिवस विचारतात. हे काउंटरवरच एका वाक्यात सांगितलं असतं तर माझा आवाज चढला नसता. आणि एक : एन्रो अंडी देणाऱ्या पक्ष्याला देऊच नये, ते अंड्यात उतरतं. त्या दिवसांतली आमची अंडी कुठं गेली हे कृपया विचारू नका.

चौथ्या दिवशी रिपोर्ट. मॅडमनी बशी उजेडात धरून दाखवली. जंतूंचा पातळ थर, त्यावर बटणाएवढ्या औषधाच्या चकत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. आमच्या बशीत जंतू पार चकत्यांना चिकटून उगवलेला. एन्रो, टेट्रासायक्लिन, अमॉक्सिसिलिन, सल्फा, सगळ्यांपुढं ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही. दोनच गोल होते, जेंटामायसिन आणि निओमायसिन. मी खूश. त्या म्हणाल्या, हुरळू नका, ही दोन्ही पाण्यातून दिली तर आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाहीत, आणि तुमचा जंतू काळजावर बसलाय. पाच हजार पक्ष्यांना सुई टोचणार, आणि अंड्यांचं काय?

मग मी खिशातलं पान बाहेर काढलं. व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी टाकलं होतं की पट्टकृमीचं जुनं औषध, निक्लोसामाइड, हट्टी जंतूंनाही मारतं. दुकानात ते होतं, मी दोन किलो बाजूला ठेवायला सांगून आलो होतो. मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, बातमी खरी आहे, पण अर्धी. जुन्या औषधाला नवं काम देता येतं का, यावर जगभर शोध चाललाय, कारण नवीन अँटिबायोटिक काढायला वेळ आणि पैसा फार लागतो. निक्लोसामाइड बशीत स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूला मारतं. ई-कोलाय मात्र ते पंपानं बाहेर फेकतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकची जोड दिली तर प्रयोगशाळेत काम होतं, पण कोलिस्टिन आपल्याकडे २०१९ पासून कोंबड्यांना द्यायला बंदी आहे, कारण माणसाला दुसरं काही चालेना तेव्हा डॉक्टर त्याच्याकडे वळतात.

"आणि तुमच्या खाद्यातल्या कॉक्सीच्या, म्हणजे रक्ती हगवणीच्या, औषधांतलंच एक, रोबेनिडिन," त्या म्हणाल्या, "तेही बशीत स्टॅफला मारतं असं ऑस्ट्रेलियात दिसलं. ई-कोलायला मात्र बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथं ते अडतं." बशीत मेला म्हणजे कोंबडीत मेला असं नाही, मात्रा किती, अंड्यात किती दिवस राहतं, हे कुणी मोजल्याशिवाय टाकीत ओतायचं नसतं. गाडीत बसल्याबसल्या दुकानदाराला फोन करून दोन किलो रद्द केले. तेवढा एक फोन अभिमानानं सांगतो.

मग केलं काय? गावच्या डॉक्टरांनी निपल लाइनचं, म्हणजे कोंबड्या चोचीनं पाणी पितात त्या नळीचं, शेवटचं टोपण काढायला लावलं. आतून करड्या रंगाचा, शेंबडासारखा बुळबुळीत लोळा बाहेर आला. उन्हाळ्यात आम्ही त्याच नळीतून गुळपाणी आणि व्हिटॅमिन देत होतो, म्हणजे जंतूंना रोज पंगत. टाकीला झाकण नाही, वर पारवे. लाइन रात्रभर हायड्रोजन पेरॉक्साइडनं भरून ठेवली (पक्ष्यांचं पाणी तोडून, हे विसरू नका), सकाळी खळखळून सोडली, मग क्लोरिन. क्लोरिन पट्टीनं तपासायचं ते टाकीत नाही, शेवटच्या निपलला. खालचं खत उपसलं, पडदे वर घेतले, लंगडे-सुकलेले पक्षी काढून टाकले. अँटिबायोटिक एकही नाही. पंधरा दिवसांत मर दोन-तीनवर आली. अंडी मात्र त्या बॅचची पूर्वीसारखी भरली नाहीत.

राहिलंच सांगायचं, मेलेला पक्षी फ्रीजरमध्ये ठेवू नका, बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. प्रयोगशाळेच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी बघा. आणि पाकीट ओतायच्या आधी त्याचा मागच्या बाजूचा फोटो काढा. आमच्या शेडच्या दाराला आता खिळ्यावर शंभर पानी वही टांगलीय. तारीख, घटक, मात्रा, दिवस. पहिल्या पानावर बायकोनं उकिरड्यातलं ते ‘...सायक्लिन’वालं फाटकं पाकीट धुऊन चिकटवलंय.