एकाच खाणीतली दोन पोती

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या प्रयोगशाळेत बहुतेक वेळा काँक्रीटचे क्यूब, खडी आणि ब्लॉक तपासायला येतात. मागच्या उन्हाळ्यात मात्र खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचे एक चिरेखाणीचे मालक मातीची दोन पोती टेम्पोत घालून घेऊन आले. एका पोत्यात यंत्राने चिरे कापताना पडणारी तांबडी भुकटी होती. दुसऱ्यात जांभ्याच्या थराखाली लागणारी, पांढरट आणि गुलाबी ठिपक्यांची मऊ माती, म्हणजे शेडी होती. पावसाचे पाणी काढून देण्यासाठी खाणीच्या तळाला चर मारला तेव्हा ती निघाली होती. हे दुसरे पोते त्यांनी केवळ मी फोनवर मागितले म्हणून आणले होते. भुकटी भाजून ती सिमेंटच्या जागी ब्लॉकमध्ये वापरायची, असा त्यांचा बेत होता आणि त्यासाठी एका प्रयोगशाळेचा अहवालही त्यांच्या खिशात होता.

बेत चुकीचा नव्हता. सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे चुनखडी आणि माती भाजून केलेले क्लिंकर, आणि एक टन क्लिंकर भाजताना साधारण 0.85 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक इंधनातून नव्हे, तर खुद्द चुनखडीतून सुटतो. केओलिनाइट, म्हणजे चिनी मातीतले मुख्य खनिज, असलेली माती 700 ते 850 अंशांवर भाजली, तर तिच्यातून फक्त पाण्याची वाफ निघते आणि उरलेली पूड चुन्याशी संयोग पावून घट्ट होते. आपल्याकडे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालत, ती याच गुणासाठी. निम्मे क्लिंकर, सुमारे 30 टक्के भाजलेली माती, 15 टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडे जिप्सम अशा मिश्रणाच्या सिमेंटला 2023 साली आयएस 18189 हे भारतीय मानकही मिळाले आहे. त्यातली चुनखडी उच्च प्रतीची असावी लागत नाही, त्यामुळे खाणीत बाजूला टाकलेला हलका दगडही चालतो; आणि चुनखडीच्या खाणी शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात लोकापूरकडे आहेतच.

अहवालात एवढेच लिहिले होते की भुकटी तापवल्यावर वजनात 21 टक्के घट होते, सबब माती उत्तम. मला खटकले ते नेमके हेच वाक्य. शुद्ध केओलिनाइटसुद्धा तापवल्यावर सुमारे 14 टक्केच वजन गमावते. या हिशेबाने भुकटीत दीडशे टक्के केओलिनाइट निघत होते!

म्हणून दोन्ही नमुने वाळवून, प्रत्येकी दहा ग्रॅम पूड मुशीत भरून मी मफल भट्टीत दोन टप्प्यांत तापवली. आधी 350 अंशांवर ठेवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतला ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून वजन केले आणि मग 650 अंशांवर नेऊन पुन्हा केले. जांभ्यात गिब्साइट आणि गोथाइट ही पाणी धरून ठेवणारी खनिजे असतात आणि ती आपले पाणी पहिल्याच टप्प्यात सोडतात. केओलिनाइटचे पाणी 400 अंशांच्या वर सुटू लागते. भुकटीचे 1.6 ग्रॅम पहिल्या टप्प्यातच गेले, दुसऱ्यात जेमतेम 0.5. शेडीचे पहिल्यात 0.3 आणि दुसऱ्यात 0.9 ग्रॅम गेले. दुसऱ्या टप्प्यातली घट त्या 14 टक्क्यांशी ताडली, तर शेडीत केओलिनाइट अंदाजे 64 टक्के, तर भुकटीत 36. या कामासाठी किमान साधारण 40 टक्क्यांची अपेक्षा धरतात.

मालक काट्यावरचे आकडे बघत शेजारीच उभे होते. "म्हंजे आम्ही विकाय निघालोय ती गुळमुळीत, आणि ओढ्याकडंला ढकलून दिलीय ती चांगली, असंच की ओ सर?" मी होय म्हटले. भुकटी अगदीच वाया जात नाही, ब्लॉकमध्ये बारीक भर म्हणून तिचा थोडाफार उपयोग होतो. पण तिच्या भरवशावर सिमेंट कमी करता येणार नाही, हेही त्यांना सांगितले.

माझ्या मते खरी अडचण भट्टीत नाही, ढिगात आहे. जेसीबीवाला वरची माती, भुकटी, फुटके चिरे आणि शेडी एकाच ठिकाणी लोटतो, आणि एकदा कालवलेला ढीग पुन्हा वेगळा करण्याचा खर्च कुणालाच परवडत नाही. टाकाऊ मालाच्या वापराबद्दल बोलताना आपल्याकडे ढिगांची उंची सांगतात, थर कुणी विचारत नाही. मालकांनी तिथूनच चालकाला फोन लावला आणि चराची शेडी वेगळी, उंचावर टाकायला सांगितली. मृगाआधी हे झाले नसते, तर निम्मी शेडी ओढ्यात गेली असती.

जाताना त्यांनी रंगाबद्दल विचारले, कारण शेडीतल्या लोहामुळे भाजलेली पूड तांबूस होते आणि करड्या सिमेंटची सवय झालेले गिऱ्हाईक बिचकते. खानापूर भागात चिऱ्याची आणि तांबड्या विटांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे ही शंका मला तरी फारशी मोठी वाटली नाही. मोठा प्रश्न ताकदीचा होता. त्यासाठी 800 अंशांवर भाजलेली शेडी चुन्यात मिसळून आयएस 1727 प्रमाणे क्यूब पाडले. ते दोन दिवस 27 अंशांवर आणि पुढचे आठ दिवस 50 अंशांवर ठेवून मगच दाबून फोडायचे असतात. किती सिमेंट वाचेल हा आकडा मालकांना त्याच संध्याकाळी लिहून हवा होता. क्यूब फुटेपर्यंत अहवालातला तो रकाना कोराच राहील, असे सांगून मी त्यांना पोत्यांची पावती दिली.